वहिनींची काच

आमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला आकडे नाहीत. पूर्वी होते. एका रविवारी वहिनींनी ते खाली उतरवलं, पुढची काच काढली आणि बाराच्या बारा आकडे ओल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून टाकले. मग घड्याळ जागच्या जागी टांगून त्या भाजी निवडायला बसल्या. त्यानंतर कित्येक दिवस मी त्याच घड्याळात बघून दवाखाना उघडायला जात होतो. शेजारच्या काकू गप्पा मारता मारता त्याच्याकडे बघून "अगंबाई, सहा वाजले की!" म्हणत लगबगीनं उठत होत्या. कुणाला काही पत्ताच नाही. शेवटी वहिनींनाच राहवेना. जेवताना त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, आपल्या घड्याळातला सातचा आकडा काळा आहे की लाल?"

"काळा," मी छातीठोकपणे सांगितलं.

वहिनींना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. दादा खाली मान घालून जेवत राहिला. त्याला असल्या परीक्षांची सवय होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि शाळेतून आल्यावर ह्या त्यांच्या दुकानात बसायच्या. तिथे त्यांना एक गोष्ट उमगली ती अशी, की माणूस घड्याळ वाचत नाही, काटा कुठे झुकलाय ते नुसतं बघतो. आकडा वाचावा लागतो, आणि घाईतला माणूस वाचत बसत नाही. एवढ्या भांडवलावर त्या पुढे शिकल्या आणि विमानाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. पायलटच्या समोर काय दिसावं, कुठे दिसावं, किती मोठं आणि कुठल्या रंगात, हे त्या ठरवतात. विमान उडवणं हे आमच्या दादाचं काम, आणि त्याचं डोकं फिरू न देणं हे वहिनींचं, असं मी लोकांना सांगतो. दादा खरोखरच पायलट आहे, त्यामुळे लोकांना हा विनोद वाटत नाही.

लग्नाआधी त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आईनं मोठ्या कौतुकानं त्यांना स्वयंपाकघर दाखवलं. वहिनी शेगडीपाशी थबकल्या. म्हणाल्या, "ही बटणं उलटी लागलीत. डावं फिरवलं की उजवीकडचं पेटतं. तुमचं दूध रोज उतू जात असेल ना?" आईचं दूध रोज उतू जात होतं आणि त्यापायी आई जन्मभर स्वतःला वेंधळी म्हणवून घेत आली होती. वडीलही तिला तेच म्हणायचे. त्या दिवसापासून आई मुलाची कमी आणि सुनेची जास्त झाली.

मग वहिनी आमच्या घरावर सुटल्याच. दिव्यांच्या बटणांची एक लांबलचक रांग होती, सगळी एकसारखी. अंधारात पंखा लावायला जावं तर बाहेरची घंटा वाजायची. वहिनींनी पंख्याच्या बटणावर शर्टाचं बटण चिकटवलं, घंटेवर सुतळीचा तुकडा. माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीला दोन पेडल होती, शेजारी शेजारी, अगदी जुळी. एकानं खुर्ची वर जायची, एकानं खाली. पेशंटच्या तोंडात पकड घालून मी पाय टेकवला की तो बिचारा कधी कधी छताच्या दिशेनं निघायचा. वहिनींनी एका पेडलला पायपुसण्याचा खरखरीत तुकडा लावून दिला. तेव्हापासून माझे पेशंट ओरडतात ते फक्त दातासाठी.

कुणी काही सांडलं, पाडलं, उलटं लावलं, की वहिनी त्या माणसाला रागावत नाहीत. आधी वस्तूकडे बघतात. "चूक माणसाची म्हणायची एवढी घाई कशाला? आधी बटण बघू या." माझ्यासारख्या वेंधळ्या माणसाला अशी वहिनी मिळणं म्हणजे भाग्यच. मी लग्न न करण्याचं हेही एक कारण आहे.

अपवाद फक्त एकाच माणसाचा. दादा चुकला की चूक दादाचीच असायची.

दादा बोलतो कमी. विमानातल्या प्रवाशांनासुद्धा हवामान दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. घरी आला की वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसतो, आणि मग समोर हत्ती आणून उभा केला तरी त्याची मान वर होत नाही, असं वहिनींचं ठाम मत. "घरात आंधळे आणि आकाशात गरुड," त्या म्हणायच्या. आकाशातलं मात्र खरं होतं. त्याच्या कंपनीत नव्या लोकांना त्याचं नाव दाखला म्हणून सांगत.

आता त्या काचेकडे येतो.

गेली तीन वर्षं वहिनी एका काचेच्या मागे लागल्या होत्या. पायलटला उंची, वेग, दिशा हे सगळं बघायला सारखी मान खाली घालावी लागते, आणि उतरताना तर बाहेरही बघायचं आणि आतही, अशी त्याची तारांबळ उडते. म्हणून त्याच्या डोळ्यांसमोरच एक तिरकी पारदर्शक काच बसवायची आणि हवं ते सगळं हिरव्या उजेडात तिच्यावरच उमटवायचं. मान खाली घालायलाच नको. अशा काचा आधीही होत्या, पण वहिनींच्या काचेत एक खास करामत होती. काचेत एक मोठा गोल आणि एक छोटा गोल. छोटा गोल मोठ्या गोलाच्या मधोमध ठेवत जायचं, की विमान आपोआप धावपट्टीवर जिथे टेकायला हवं तिथेच टेकतं. जो पायलट ती काच वापरून बघायचा तो हरखून जायचा. इतकं अलगद उतरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

ह्या काचेपायी वहिनींनी तहानभूक सोडली होती. शेवटी शेवटी तर सकाळी केस वाळवायलाही वेळ मिळेना. त्यांची वेणी कमरेखाली जायची. एका संध्याकाळी त्या घरी आल्या त्या खांद्यापर्यंतचे केस घेऊन. मी दारातच "अरे वा!" म्हणालो, पण त्यांना माझ्या अरे वा मध्ये रस नव्हता. आत दादा शब्दकोडं सोडवत होता. वहिनी त्याच्या समोरून गेल्या. परत आल्या. पंखा लावला. पंखा बंद केला. दादानं मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?"

वहिनी स्वयंपाकघरात येऊन हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी पदरानं नाक पुसलं, तेव्हा मला कळलं की हे नुसतं हसणं नव्हे. मला दादाचा भयंकर राग आला. पण दोघांच्या मध्ये पडून शहाणा झालेला दीर मी अजून पाहिलेला नाही, म्हणून गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी हा किस्सा ऑफिसच्या कँटीनमध्ये मीठमसाला लावून सांगितला. सगळे पोट धरून हसले. पण घरी येताना त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. दादा विमान घेऊन गेला होता. रात्री जेवताना त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या समोर मी उभी होते. हातभर अंतरावर. डोळे चांगले आहेत. मग दिसलं का नाही? कारण लक्ष त्या कोड्यात रमलं होतं." मग हळूच म्हणाल्या, "माझा गोलसुद्धा फार छान रमवतो हो."

दोन आठवड्यांनी काचेची शेवटची चाचणी होती. ती पास झाली की काच नव्या विमानांत बसणार होती. नाही झाली तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. कंपनीचे मोठे साहेब स्वतः यायचे होते. चाचणीसाठी वहिनींनी पायलट मागितला तो दादा. आणि मला म्हणाल्या, "मागच्या खुर्चीत एक माणूस बसवायचाय. त्याला यातलं ओ की ठो कळत नसलं पाहिजे. तुमच्याइतका लायक माणूस मला शोधून सापडायचा नाही. फक्त आत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही."

दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणणाऱ्या माणसाला ही आज्ञा! पण मी गेलो.

ते खोटं विमान म्हणजे खांबांवर उभी केलेली एक मोठी पेटी होती. आत मात्र हुबेहूब कॉकपिट, आणि खिडक्यांबाहेर पडद्यावर आकाश, ढग, खाली शेतं. दादा डावीकडच्या खुर्चीत बसला. उजवीकडची खुर्ची वहिनींनी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली होती. मी मागे, पट्टा बांधून. दादाच्या डोळ्यांसमोर ती प्रसिद्ध काच होती, पण मला तिच्यात काहीच दिसेना. ती फक्त पायलटच्या डोळ्यांच्या जागेवरूनच उजळते, म्हणे. मला ती म्हणजे धुऊन पुसून ठेवलेली खिडकी. साहेब आणि बाकीची मंडळी बाजूच्या खोलीत बसली होती, त्यांना पायलटला दिसतं ते सगळं टीव्हीवर दिसत होतं. पडद्यावर कधी काय दाखवायचं, त्याची सगळी सूत्रं वहिनींच्या हातात होती.

विमान खाली येऊ लागलं. पातळ धुकं होतं. धुक्यातून पट्टी वर आली, आणि मला पट्टीवर एक विमान उभं दिसलं. चांगलं धष्टपुष्ट, वाट अडवून, शेपूट आमच्याकडे करून. मला वाटलं, असेल. माझ्या दवाखान्याच्या दारातसुद्धा कोणी ना कोणी गाडी लावून गेलेलं असतंच. दादा बाजूनं काढेल. दादा काही बाजूनं काढेना. विमान मोठं होत गेलं. मी पट्टा घट्ट धरला. बोलावं तर वहिनींची आज्ञा, आणि शिवाय दादाचे डोळे थेट समोर रोखलेले. त्याला दिसत नसेल असं मनातही येईना. त्यानं इतक्या अलगद चाकं टेकवली की मला कळलंसुद्धा नाही, आणि आम्ही त्या विमानातून भुतासारखे आरपार गेलो.

बाजूच्या खोलीतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

दार उघडून वहिनी आत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. दादा मात्र खुशीत वळला. "अगं, काय काच आहे! लोणी! असा मी उभ्या जन्मात उतरलो नव्हतो."

"समोर काही होतं?" वहिनींनी विचारलं.

"कुठे समोर?"

"पट्टीवर."

"पट्टीवर काय असणार?"

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, आता उघडा तोंड."

"विमान होतं," मी म्हणालो. "हे एवढं."

दादाला आधी थट्टा वाटली. मग वहिनींनी सगळं पुन्हा लावून दाखवलं, काच बाजूला करून. दादा बघत राहिला. "परत लाव," म्हणाला. पुन्हा बघितलं. आई गेली त्या दिवशी तो जसा भिंतीला हात टेकून उभा होता तसा तो त्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा राहिला. मग मला म्हणाला, "तुला दिसलं, तर बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला दिसलं असेल."

खऱ्या विमानातही मी असाच गप्प बसलो असतो.

वरच्या मजल्यावर बैठक बसली. मला साक्षीदार म्हणून बसवलं आणि पुढ्यात बिस्किटांची बशी ठेवली. मोठे साहेब टाळ्या वाजवून बसले होते, आता त्या परत कशा घ्यायच्या या पेचात ते होते. टीव्हीवर तर त्यांनीही बघितलं होतं आणि त्यांनाही विमान दिसलं नव्हतं, पण हा विषय त्यांनी निघू दिला नाही. ते म्हणाले, "काचेत दोष काय? काच चोख चालली. पायलटचं लक्ष नव्हतं, एवढंच."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "चूक माझी. मी बाहेर बघायला हवं होतं."

वहिनी ताडकन उठल्या. "चूक यांची नाही. चूक माझ्या काचेची आहे."

"अगं, मी विमान चालवत होतो."

"आणि मी तो गोल काढला होता! तो डोळ्यांना सोडतच नाही. दिसतं सगळं काचेतून, पण लक्ष काचेवरच अडकतं."

"लक्ष माझं होतं, तुझं नव्हतं. चूक माझीच."

"अहो, तुम्ही गप्प बसा. चूक माझी म्हटलं ना!"

मी बिस्किट हातातच धरून बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांना चूक स्वतःकडे ओढताना मी पहिल्यांदाच बघत होतो. दादा खोटं बोलतोय हे मला लख्ख दिसत होतं. बायकोची तीन वर्षं वाचवायला निघाला होता. आणि वहिनी संतापल्या होत्या, कारण तो जिंकला असता तर ती काच खऱ्या विमानात गेली असती. एखाद्या धुक्याच्या सकाळी खऱ्या पट्टीवर खरं विमान उभं असतं, आणि काचेमागे कदाचित दादाच असता.

साहेबांना मात्र वाट सापडली. ते गालात हसत म्हणाले, "बाई, कँटीनमध्ये तुम्हीच सांगत होतात ना? तुमची एवढी लांब वेणी गेली ती तुमच्या मिस्टरांना अजून दिसलेली नाही. ज्या माणसाला घरातली वेणी दिसत नाही, त्याला पट्टीवरचं विमान दिसलं नाही तर त्यात काचेचा काय दोष?"

मंडळी हसली. वहिनींचाच विनोद त्यांच्याच गळ्यात आला होता. त्या हळूहळू खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. काच पास.

दादानं टेबलावर दोन्ही हात ठेवले. "वेणी दिसली होती," तो म्हणाला.

वहिनींनी झटकन मान वळवली.

"कधी?" वहिनींनी विचारलं.

"आलीस त्याच संध्याकाळी. राखाडी साडी नेसली होतीस. डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा बोटभर लांब राहिलेत, त्या बाईनं तिरके कापले. समोरून दोनदा गेलीस. पंखा लावलास, बंद केलास. वेणी तू टाकली नाहीस, तुझ्या वडिलांच्या हत्यारांच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवलीस. मी उघडून बघितली." मग जरा थांबून तो म्हणाला, "घड्याळाचे आकडे पुसलेलेही त्याच रविवारी दिसले होते."

वहिनींचा हात नकळत डाव्या बाजूच्या केसांकडे गेला.

दादा साहेबांकडे वळला. इतकं सलग मी त्याला आयुष्यात बोलताना ऐकलेलं नाही. "साहेब, मला सगळं दिसतं. ती माझी नोकरी आहे आणि आता ती सवय झालीय. विमान मला खरंच नाही दिसलं. भाऊ मागे बसला होता, काच त्याच्यासाठी कोरी होती, त्याला दिसलं, आणि ह्याला तर पेशंटचा कुठला दात दुखतोय तेही विचारावं लागतं. हिची मेहनत वाया जाऊ नये म्हणून मी चूक अंगावर घेत होतो. ते खोटं होतं. ही काच बसवू नका."

साहेबांनी घसा साफ केला. काच परत पाठवायची, गोलाचं काय करायचं ते बाईंनी नव्यानं ठरवायचं, किती महिने लागतील ते नंतर बघू, असं काहीबाही ते बोलले. वहिनींच्या तीन वर्षांचा निकाल लागत होता आणि त्या ऐकतच नव्हत्या. त्या दादाकडे एकटक बघत होत्या. शेवटी साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?"

साहेबांनी बैठक संपली असं जाहीर केलं.

घरी जाताना दादा गाडी चालवत होता, वहिनी शेजारी, मी मागे. वहिनींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण या वेळी आवाज खाली होता.

"कापलेले केस आवडले नाहीत म्हणालो असतो तर तुला वाईट वाटलं असतं," दादा म्हणाला. "आवडले म्हणालो असतो तर ते खोटं आहे हे तुला कळलं असतं."

"म्हणून पाण्याची बाटली?"

"त्या वेळी तेवढंच सुचलं."

वहिनी हसल्या नाहीत. दादानं गिअर बदलला. "मी परत येतो तेव्हा विमानतळाबाहेर ही एवढी गर्दी असते. तू पाठ करून उभी असतेस, काहीतरी वाचत. मी तुझी वेणी शोधायचो. वेणी दिसली की वाटायचं, आता खरा उतरलो."

"आणि आता?"

"आता काय, सगळ्यांचे चेहरे बघत बघत यावं लागतं."

वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या रडत होत्या, आणि या वेळी हसण्याचं सोंगही करत नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी पर्समधून जुन्या बिलाचा कागद काढला आणि मांडीवर धरून त्यावर एक मोठा गोल काढला. मग तो गोल त्यांनी बोटानं घासून घासून पुसट केला, पार दिसेनासा होईपर्यंत. "जमिनीजवळ आलं की हा विझायला हवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग झक मारत बाहेर बघतील."

"बघतील," दादा म्हणाला आणि त्यांच्याकडे वळला. त्याही त्याच्याकडे वळल्या. पुढे चौक होता आणि सिग्नल तांबडा झालेला होता. दोघांच्याही नजरा रस्त्यावर नव्हत्या. मागच्या खुर्चीतल्या माणसाला एका दिवसात जेवढं शहाणपण येऊ शकतं तेवढं मला आलं होतं.

"दादा, सिग्नल!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

"दिसलाय," दोघंही एकदम म्हणाले. गाडी केव्हाच थांबलेली होती.